लिनक्सवर आवाज गेला? रिपो मिसळताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लिनक्सवर रेकॉर्डिंग करणारे आता बऱ्यापैकी झालेत. कोण भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करतंय, कोण घरातल्या जुन्या कॅसेटी डिजिटल करतंय, मराठी अभंग आणि कन्नड दासपदं एकाच बैठकीत गाणाऱ्या मंडळींचे ट्रॅक मिक्स करणारे पण आहेत. मशीन म्हणजे बहुतेक वेळा सेकंडहँड डेस्कटॉप, त्यावर मिंट नाहीतर उबुंटू, आणि ते चांगलं चालत असतंय. मग कुणीतरी आर्डर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन पाहिजे म्हणून एका व्हिडिओतल्या पाच-सहा ओळी टर्मिनलमध्ये पेस्ट करतो, रीस्टार्ट मारतो आणि साउंड सेटिंगमध्ये कार्डाच्या जागी 'डमी आउटपुट' दिसतं. मग फोन, "काय करूलास रे, जरा बघतोस काय, आवाजच येईना."

पहिला संशय साउंड कार्डावर जातो, मग केबल बदलून होते, मग कुणीतरी नवीन यूएसबी इंटरफेस घ्यायला सांगतो. थांबा. कालपर्यंत चालत होतं आणि आज अपडेटनंतर गेलं, तर हार्डवेअरला हात लावायच्या आधी एवढंच शोधायचं की कुठली लायब्ररी (बरेच प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड) कुठल्या रिपोतून (पॅकेजं जिथून येतात ते ऑनलाइन कोठार) आली. बाकी सगळं नंतर.

रिपो म्हणजे ॲपचं दुकान नव्हे

उबुंटू २२.०४ चं पॅकेज २२.०४ च्या ग्लिबसीवर (जवळपास सगळ्या प्रोग्रॅमांना लागणारी मूळ लायब्ररी) बांधलेलं असतं, म्हणजे २.३५ वर. २४.०४ मध्ये तीच ग्लिबसी २.३९ आहे. डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्समध्ये २.३६. त्यामुळं डेबियनमधून उचललेलं पॅकेज उबुंटूत आणि उबुंटूचं पीपीए (उबुंटूसाठी कुणी वेगळा चालवलेला रिपो) डेबियनमध्ये असं केलं की पेटी काळी चारला आणि तबला काळी पाचला लावल्यासारखं होतं, दोन्ही आपापल्या जागी बरोबर पण बैठक बसत नाही. आणि ॲप्टला, म्हणजे पॅकेजं घालणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला, हे कळत नाही. त्याच्या दृष्टीनं सगळ्या रिपोंची प्रायॉरिटी ५००, मग ज्याचा व्हर्जन नंबर मोठा ते पॅकेज जिंकतं. तुम्ही एका सॉफ्टवेअरसाठी रिपो घातलात पण पुढच्या अपग्रेडला त्याच रिपोतून एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओ रूपांतर करणारं), पाइपवायर, जॅक (आवाज इकडून तिकडं नेणारे) असं काहीबाही आत येऊन बसतं.

मिंटवाल्यांची ठरलेली चूक म्हणजे कोडनेम. मिंट २२ चं नाव विल्मा, पण खालचा पाया उबुंटू २४.०४, म्हणजे नोबल. पीपीएच्या फाइलमध्ये हातानं विल्मा लिहिलं की रिलीज फाइल नाही म्हणून एरर येते, मग गडी शोधाशोध करून तिथं जॅमी, म्हणजे २२.०४ चं नाव, टाकतो आणि एरर जाते. एरर गेली म्हणून खूश, पण आता नोबलच्या मशीनवर जॅमीची पॅकेजं यायला लागली की. तिथं नोबलच पाहिजे, आणि त्या पीपीएत नोबल नसेल तर ते पीपीए आपल्यासाठी नाही, विषय संपला.

डेबियनमध्ये डेब-मल्टिमीडिया हा बाहेरचा रिपो घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. त्या पॅकेजांच्या व्हर्जनपुढं मोठा एपोक आकडा (बाकी व्हर्जनच्या आधी हाच मोजतात) असतो, त्यामुळं डेबियनचं एफएफएमपेग कितीही पुढं गेलं तरी ॲप्ट तिकडचंच घेतो. व्हर्जनमध्ये 'डीएमओ' दिसलं की समजायचं कुठून आलंय. रिपो वाईट आहे असं नाही, पण आज घातला, उद्या काढला असं त्याच्याशी जमत नाही.

आधी बघा, मग हात लावा

व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरात हिस्टरी डॉट लॉग नावाची फाइल असते. कुठल्या तारखेला कुठली कमांड मारली, काय इन्स्टॉल झालं, काय अपग्रेड झालं, काय उडालं, सगळं लिहिलेलं असतं. "मी काहीच केलं नाही" असं सांगणाऱ्याच्या मशीनवर पण ही फाइल खरं बोलते. आवाज कधी गेला ती तारीख काढा आणि तिथपासून वाचा.

मग संशय आलेल्या पॅकेजवर ॲप्ट-कॅश पॉलिसी चालवा. वरती 'इन्स्टॉल्ड' आणि 'कँडिडेट' अशा दोन ओळी येतात आणि खाली व्हर्जन टेबल. ज्या व्हर्जनपुढं तीन चांदण्या ते सध्या बसलेलं. त्याच्या खाली रिपोचा पत्ता दिसला तर ते तिथून आलंय. पण तिथं फक्त १०० आणि डीपीकेजी स्टेटस (मशीनवर बसलेल्या पॅकेजांची नोंद) एवढीच ओळ असेल तर ते पॅकेज आता कुठल्याच चालू रिपोत नाही, अनाथ आहे. रिपोची फाइल नुसती डिलीट करणाऱ्यांकडं हेच दिसतं, कारण रिपो काढला म्हणून त्यातून आलेली पॅकेजं परत जात नाहीत. ती तशीच बसून राहतात आणि पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला 'अनमेट डिपेंडन्सीज' म्हणून आडवी येतात.

पीपीए काढायचं असेल तर पीपीए-पर्ज वापरा, तो रिपो बंद करून पॅकेजं मूळ व्हर्जनवर आणतो. मिंटमध्ये सॉफ्टवेअर सोर्सेसच्या मेंटेनन्समध्ये फॉरेन पॅकेजेस डाउनग्रेड करायची सोय आहे. नाहीतर पिनिंग करून (हातानं प्रायॉरिटी ठरवून) मूळ रिपोला १००१ द्यायची. १००० किंवा त्याच्या वर गेलं तरच ॲप्ट खालच्या व्हर्जनवर यायला तयार होतो. काम झालं की ती पिन काढून टाका. हे सगळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करणार असाल तर आधी डेटा किती उरलाय बघा.

वाय दाबायच्या आधी

उबुंटू २४.०४ पासून लिबएसाउंड२ या आवाजाच्या लायब्ररीच्या पॅकेजचं नाव लिबएसाउंड२टी६४ झालंय. ६४-बिट टाइमच्या बदलामुळं बऱ्याच लायब्ररींच्या नावाला असं शेपूट लागलं. जुन्या ट्युटोरियलमधली लिबएसाउंड२ वाली ओळ मारली की ॲप्ट सांगतो हे व्हर्च्युअल पॅकेज आहे, दोनातलं एक निवडा, आणि त्यात दुसरं नाव ओएसएस४-साल्साचं असतं. ते घेऊ नका, टी६४ वालंच घ्या. काहीजण त्याहून पुढं जातात आणि जॅमीचं जुनं लिबएसाउंड२ डाउनलोड करून घुसवायला बघतात. मग 'रिमूव्ह होणार' म्हणून भली मोठी यादी येते आणि त्यात सिनेमन किंवा जीनोम-शेल पण असतं. ही यादी न वाचता वाय (म्हणजे 'हो') दाबला की आवाज राहिला बाजूला, डेस्कटॉपच जातो. शंका असेल तर इन्स्टॉलपुढं डॅश एस लावून नुसती रंगीत तालीम करून घ्या, खरं काही बदलत नाही.

जॅकचं वेगळंच नाटक. जॅक १ ची लायब्ररी लिबजॅक०, जॅक २ ची लिबजॅक-जॅकडी२-०, दोन्ही एकत्र नांदत नाहीत, एक घातली की दुसरी निघते. त्यात पाइपवायरची स्वतःची जॅक लायब्ररी तिसरी. आता पाइपवायर चालू असेल तर बहुतेकांना जॅक सर्व्हर वेगळा चालवायची गरजच नाही, पाइपवायर-जॅक पॅकेज घाला आणि आर्डर पीडब्ल्यू-जॅक लावून सुरू करा. पण पाइपवायर पीपीएमधून आणि त्याचे जोडीदार वायरप्लंबर, एसपीए मॉड्यूल्स मूळ रिपोतून अशी अर्धीमुर्धी अवस्था झाली की कार्डच सापडत नाही, तो डमी आउटपुट बऱ्याचदा इथून येतो. डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस मारा, आणि पॉलिसीमध्ये ही सगळी पॅकेजं एकाच घरची आहेत का बघा.

सिमलिंकचा जुगाड

एफएफएमपेगची लायब्ररी लिबएव्हीकोडेक ५८ 'नॉट फाउंड' आलं की कुठूनतरी सल्ला मिळतो, ६० ची लिंक ५८ च्या नावानं करून टाक. नका करू. एफएफएमपेग ४ मध्ये ५८, ५ मध्ये ५९, ६ मध्ये ६०, ७ मध्ये ६१, हा आकडा बदलतोच अशासाठी की आतली मांडणी बदललेली असते. प्रोग्रॅम सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन एक्स्पोर्ट करताना मधेच मरतो, आणि हे दुसरं जास्त वाईट.

सोर्सवरून मेक इन्स्टॉल करणाऱ्यांनी यूएसआर-लोकल-लिब तपासा. डेबियन-उबुंटूत लोडर (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणारा) आधी तिथं बघतो, त्यामुळं कधीकाळी बांधलेलं जुनं लिबजॅक तिथं पडलेलं असेल तर वरती ॲप्टनं कितीही नीट केलं तरी प्रोग्रॅम तेच जुनं उचलणार. एलडीडी लावून बघितलं की रस्ता दिसतो. जुनी फाइल बाजूला करा, एलडीकॉन्फिग चालवा, झालं.

वाइनमधून विंडोजचे प्लगिन चालवणाऱ्यांसाठी एक, ३२-बिट आणि ६४-बिट लायब्ररीचं व्हर्जन तंतोतंत एकच लागतं. पीपीएत फक्त ६४-बिट असेल तर ॲप्ट ३२-बिट वाली काढून टाकणार आणि तिच्याबरोबर वाइन पण जाईल.

आणि पावसाळ्यात खानापूर साइडला लाईटचा काय भरवसा. अपग्रेड चालू असताना लाईट गेली तर पॅकेजं अर्धी उघडलेली राहतात. तेव्हा घाबरून नवीन रिपो घालू नका, आधी डीपीकेजी कॉन्फिगर डॅश ए, मग ॲप्ट फिक्स-ब्रोकन, एवढ्यावर बऱ्याचदा सुटतं. फोर्स-ओव्हरराइटच्या (दुसऱ्या पॅकेजच्या फाइलवर जबरदस्तीनं लिहायच्या) नादाला लागू नका.

नवीन व्हर्जन खरंच पाहिजे असेल तर फ्लॅटपॅक, ॲपइमेज (लागणाऱ्या लायब्ररी सोबतच घेऊन येणारे पॅक) किंवा आर्डरचं स्वतःचं बंडल घ्या, सिस्टमच्या लायब्ररीला धक्का लागत नाही. फ्लॅटपॅकमध्ये एक गोची आहे, ॲप्टनं घातलेले एलव्ही२ प्लगिन त्याला दिसत नाहीत, प्लगिन पण फ्लॅटपॅकचेच घालावे लागतात. डेबियनवाल्यांना अधिकृत बॅकपोर्ट्स (चालू डेबियनसाठी बांधलेली नवीन पॅकेजं) बरे, त्यांची प्रायॉरिटी १०० असल्यानं मागितल्याशिवाय आत येत नाहीत.

तीन-चार परके रिपो आणि ग्लिबसीच दुसरीकडची आलेली असेल तर मात्र दुरुस्तीत रात्र घालवू नका, नवीन इन्स्टॉल करा. ग्लिबसी खाली आणायच्या भानगडीत एलएस कमांडसुद्धा चालेनाशी होते. होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर इन्स्टॉलरमध्ये ते निवडताना फॉरमॅटची टिक काढलेली आहे ना हे दोनदा बघा, आणि रेकॉर्डिंगचं फोल्डर त्याआधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.