पुढचं विमान इथूनच मागायचं

दादाला इंग्लंडातल्या लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये आयसीयूत हलवल्याचा फोन दुपारी दोनला आला आणि रात्री अकराला मी आईला घेऊन मुलुंडहून निघाले. आई ७९ वर्षांची. साखर आहे, इन्सुलिन चालू आहे, गुडघे धरलेले. नशिबाने दोघींचेही व्हिसा होते, मागच्या वर्षी दादाकडे राहून आलो तेव्हाचे. तिकीट पहाटे ४.१०चं, आखातात विमान बदलून बर्मिंगहॅम. साकीनाक्याच्या सिग्नलला गाडी अडकली होती, वर जुलैचा पाऊस, आणि फोनवर मेसेज आला: विमानाची नवी वेळ ९.०५. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "काय गं, दादाचं काही?"

त्या रात्री जे जमलं आणि जे चुकलं, ते दोन्ही सांगते. सुट्टीवर जाताना विमान उशिरा झालं तर माणूस वैतागतो. घरचं माणूस तिकडे पडलेलं असताना झालं तर डोकंच चालेनासं होतं. म्हणून काय करायचं ते आधीच माहीत असलेलं बरं.

पहिलं म्हणजे घरी परत फिरू नका. ड्रायव्हर म्हणालाच, "मॅडम, पाच तास आहेत, घरी जाऊन झोपा." मलाही क्षणभर तसं वाटलं. पण नवी वेळ ही अंदाजाची वेळ असते, ती अलीकडेही येऊ शकते, आणि कंपनीने लेखी काही कळवलं नसेल तर चेक-इन बंद व्हायची वेळ मूळ विमानाचीच धरून चालायचं. दुसरं कारण जास्त मोठं: तुमच्यासारखंच पुढचं विमान चुकणारी आणखी माणसं त्या विमानात असतात, आणि पर्यायी विमानांत जागा मोजक्या. जो आधी काउंटरला पोचतो त्याला त्या मिळतात.

गाडीतच एक काम करून टाका. विमानं कुठे आहेत हे दाखवणारी ॲप असतात, फ्लाइटरडार२४ सारखी. आपल्याला नेणारं विमान आधी कुठूनतरी मुंबईत यायचं असतं. ते शोधा. आमचं साडेबाराला अजून आखातातच उभं होतं. म्हणजे निघाल्यावर तीन तास इकडे यायला आणि इथे उतरवून, साफ करून, भरायला किमान तासभर. हे गणित घातलं की कंपनीने दिलेली वेळ खरी आहे की आणखी वाढणार, याचा अदमास येतो. मुंबईत पावसाळ्यात तर हे करावंच. आपल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि पावसात विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं. जुलै २०१९ मध्ये मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून घसरलं, तेव्हा ती काही दिवस बंद राहिली होती आणि सगळं वेळापत्रक कोलमडलं होतं.

आता मुख्य गोष्ट. पुढचं विमान इथूनच मागायचं, मुंबईतून. "तिकडे उतरल्यावर बघतील हो" असं काउंटरवरचा माणूस सांगेल, आम्हाला सांगितलं. तिथे उतरल्यावर दोनशे माणसांच्या रांगेत, आईला खुर्चीत बसवून, मी काय बघणार होते? चेक-इन काउंटर हीच खरी जागा आहे. एकदा इमिग्रेशन पार केलं की या बाजूला सहज परत येता येत नाही. त्यामुळे सगळं बोलणं पासपोर्टवर शिक्का पडण्याआधी उरकायचं. (शिक्का पडल्यानंतर विमान रद्दच झालं, तर तो शिक्का रद्द करून बाहेर यावं लागतं आणि ड्यूटी-फ्रीतून काही घेतलं असेल तर ते परत करावं लागतं.)

मागताना नेमकं मागा. "काहीतरी करा ना" याला उत्तर "बघतो" एवढंच येतं. मी रांगेत उभी असताना कागदावर लिहून काढलं होतं: लेस्टरला जायचंय. बर्मिंगहॅम जवळ पडतं, पण मँचेस्टर चालेल, हीथ्रोही चालेल, तिथून भाचा गाडी घेऊन येईल. काउंटरवर एक मराठी मुलगी होती. तिला म्हटलं, "ताई, आमचं बर्मिंगहॅमचं कनेक्शन चुकणार हे आत्ताच दिसतंय. इंग्लंडातल्या या तीनपैकी कुठेही आज उतरवा. माझा भाऊ आयसीयूत आहे, हे हॉस्पिटलचं पत्र." वहिनीने वॉर्डमधून ते पत्र मागून मेलवर पाठवलं होतं, मी निघण्याआधी दोन प्रती छापून घेतल्या होत्या. फोनमधल्या मेलपेक्षा हातातला कागद लवकर फिरतो. ती तो घेऊन आत साहेबांकडे गेली आणि वीस मिनिटांनी हीथ्रोची दोन तिकिटं घेऊन आली. आधीच्या बेतापेक्षा दहाएक तास उशीर, पण त्याच दिवशी.

हे होऊ शकलं कारण मुंबई ते बर्मिंगहॅम एकाच बुकिंगवर होतं, एकच पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर. तेव्हा पुढे पोचवणं ही कंपनीची जबाबदारी राहते. घाईत दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा झालं, तर दुसरी कंपनी तुम्हाला "आलाच नाहीत" असं धरते आणि ते पैसे बुडतात. तातडीच्या प्रवासात हा मोह टाळा. आणि कंपनीने युरोपमार्गे पाठवायची तयारी दाखवली तर लगेच हो म्हणू नका. तिथल्या काही विमानतळांवर भारतीय पासपोर्टला नुसतं विमान बदलायलाही वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. तो लागतो का, हे त्यांच्याचकडून तपासून घ्या.

नवं तिकीट हातात आलं की दोन गोष्टी बघायच्या. बॅगेच्या टॅगवरची तीन अक्षरं: बर्मिंगहॅमची बीएचएक्स, हीथ्रोची एलएचआर. जुना टॅग राहिला तर बॅग बर्मिंगहॅमला आणि तुम्ही हीथ्रोला. टॅगचा आणि बॅगेचा फोटो काढून ठेवा. दुसरी गोष्ट मी विसरले: आईच्या व्हीलचेअरची नोंद. जुन्या बुकिंगवर ती होती. नव्यावर ती पुन्हा टाकायला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, आणि आखातात विमानाच्या दारात आई चाळीस मिनिटं उभी-बसती करत राहिली. तिचे पाय चपलेत मावेनासे झाले होते. अजून आठवलं की मला अपराधी वाटतं.

खाण्याचं हक्काने मागा. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या सरकारच्या विमान वाहतूक खात्याच्या, नियमाप्रमाणे अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं असतं. हॉटेल मात्र सहज मिळत नाही. २४ तासांहून जास्त उशीर हवा, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळात सुटणारं विमान सहा तासांहून जास्त रखडायला हवं. आमचं ४.१०चं, त्यामुळे बसलो नियमाबाहेर. नुसत्या उशिराला रोख भरपाई त्या नियमांत नाही. ब्रिटनचा नियम वेगळा आहे: तिथून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो, आणि कंपनीच्या चुकीने तुम्ही तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात तर लांबच्या प्रवासाला ५२० पौंडांपर्यंत मागता येतात. म्हणजे परतीच्या प्रवासाला उपयोगी. विमा काढला असेल तर उशिराचं कारण आणि तास लिहिलेलं पत्र काउंटरवरच मागून घ्या; नंतर मेलवर मागायला गेलं की महिने जातात.

आता औषधं, कारण खरी भीती मला तिथे वाटली. इन्सुलिन, गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, साखर मोजायचं मशीन, सगळं हातातल्या पिशवीत. चेक-इनच्या बॅगेत इन्सुलिन कधीच टाकू नका, खाली ते गोठू शकतं. आईची जेवणाआधीची सुई असते. सकाळी कंपनीचा माणूस म्हणाला, "नाश्ता येतोय." आईने सवयीने पेन बाहेर काढलं, पोटावरचा पदर बाजूला केला. मी तिचा हात धरला. नाश्ता आला सव्वा तासाने. ती सुई तेव्हाच गेली असती तर साखर कुठे उतरली असती! त्या दिवसापासून आमच्या घरात नियम आहे: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. तिकडची वेळ उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, तेव्हा कुठला डोस कधी घ्यायचा हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या ठेवा. लोणचं, दही, तूप हातातल्या पिशवीत नेऊ नका, १०० मिलीच्या वर सिक्युरिटीला काढून टाकतात.

फोनचंही तसंच. इंटरनॅशनल रोमिंग घरूनच सुरू करा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू आहेत का ते बघा. बऱ्याच कार्डांवर ते बंदच असतात. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, चेक-इनला चालत नाही. चपटे तीन खिळे असलेला ब्रिटनचा प्लगही बरोबर असू द्या.

आणि घरच्यांशी बोलणं. सुरुवातीला मी दर अर्ध्या तासाने वहिनीला फोन करत होते. ती बिचारी वॉर्डच्या बाहेर, एकटी, आणि वर मला धीर देत होती. मग भाच्याशी ठरवलं: दर तीन तासांनी तो एक मेसेज टाकेल, फरक असला तरी आणि नसला तरी. मुलुंडची काकू, पुण्याची आत्या, सगळ्यांना तोच मेसेज मी पुढे पाठवायचा. तिकडे कोणी फोन करायचा नाही. एक अवघड प्रश्नही त्याला विचारून घेतला. आम्ही हवेत असताना वाईट काही घडलं तर? तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आत्या, मी हीथ्रोला समोर उभा राहूनच सांगेन, मेसेज करणार नाही." त्यामुळे आखातात उतरून फोन चालू करताना माझा हात कापला नाही.

आईला मी सगळं खरं सांगितलं, फक्त तासांचा हिशेब सोडून. "विमान उशिरा आहे, आपण आजच पोचतोय," एवढंच. तिने जपमाळ काढली. गेटजवळच्या खुर्चीत तिचे पाय माझ्या बॅगेवर ठेवून मी दर तासाला तिला धरून त्या लांबलचक कार्पेटवरून दोन चकरा मारायला लावत होते. वयस्क माणसाला पाच तास एका जागी बसवू नका.

हीथ्रोला आईची बॅग आली नाही. बेल्टच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी तिथल्या काउंटरवर तक्रार लिहून नंबर घ्या, घाई कितीही असली तरी. उशिरा आलेल्या बॅगेचा दावा ती हातात पडल्यापासून २१ दिवसांत लेखी करावा लागतो, मोडतोड असेल तर ७ दिवसांत. बॅग दोन दिवसांनी दादाच्या घरी आली. तोवर आईने वहिनीचा गाऊन घातला. एक जोड हातातल्या पिशवीत ठेवायला हवा होता.

शेवटचं एक. आयसीयूत भेटीच्या वेळा असतात. आम्ही रात्री सव्वादहाला पोचणार हे भाच्याने दुपारीच वॉर्डच्या नर्सला सांगून ठेवलं होतं, भारतातून आई येतेय म्हणून. बेल वाजवली तेव्हा दार उघडणाऱ्या नर्सने आमची नावं विचारली नाहीत. खुर्चीतल्या आईकडे बघून "मम?" एवढंच म्हणाली, आणि खुर्ची स्वतः ढकलत आत घेऊन गेली.