पलीकडच्या खाटेवरचा ऐकत असतो

आपण ज्याच्याशी बोलतो त्याच्यापेक्षा पलीकडे बसून ऐकणाऱ्याला आपलं बोलणं जास्त लागतं. सगळी नोकरी वॉर्डात काढल्यावर माझी ही खात्री झाली आहे. चार नंबरच्या पेशंटवर सकाळी कुणी खेकसलं, की पाच नंबरवाला दुपारी सलाइनचा हात सुजला तरी सिस्टरला हाक मारत नाही. त्याला कुणी काही बोललेलं नसतं. त्याने नुसतं ऐकलेलं असतं.

आता निवृत्त होऊन ठाण्यात कोपरीला राहते. आमच्या महिला मंडळात नव्याने आलेल्या सुना-मुली विचारतात, "सिस्टर, आमच्या मजल्यावर आम्हीच तेवढे ख्रिस्ती. शेजाऱ्यांत कसं वागायचं, काय बोलायचं?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. साक्ष द्यायची, म्हणजे आपला विश्वास लोकांसमोर सांगायचा, म्हटलं की आपण माइकची तयारी करतो. माइकवर सगळेच चांगलं बोलतात. शेजारी आपल्याला ऐकतात ते जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याशी घासाघीस करताना आणि दार उघडं ठेवून फोनवर बोलताना.

ऐकणारा कोण, ते आधी बघा

ड्युटी बदलताना आम्ही ओव्हर देतो. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला खाटेखाटेपाशी नेऊन प्रत्येक पेशंटची माहिती देते. मी इन्चार्ज झाले तेव्हा दोन गोष्टी सगळ्यांना सांगून ठेवल्या. खाटेपाशी पेशंटचं नाव घ्यायचं, नंबर नाही. आणि पेशंटसमोर जे बोलता येत नाही ते खाटेपाशी कुजबुजायचंही नाही, टेबलाजवळ येऊन बोलायचं. कुजबूज फार वाईट. मोठ्याने बोललेलं निदान कळतं तरी. कुजबुजलेल्यात जे ऐकू येत नाही ते माणूस स्वतःच्या भीतीने भरून काढतो. "ह्यांच्याकडे जरा लक्ष ठेव हं," एवढंच हळू म्हणून दोघी पुढे जातात, आणि आजोबा दुपारचं ताट तसंच परत पाठवतात.

घरातही हेच. सासूबाईंच्या औषधांच्या खर्चाबद्दल स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलू नका. त्यांना ऐकू येतं. बोलायचंच असेल तर त्यांच्यासमोर बसून बोला, किंवा बाहेर पडून तलावपाळीला चक्कर मारता मारता बोला.

बायबलातल्या गणनाच्या पुस्तकातल्या तेराव्या आणि चौदाव्या अध्यायात हे फार स्पष्ट दिसतं. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने कनान देश हेरायला बारा जण पाठवले. ते 40 दिवस फिरून आले, दोघांनी दांड्यावर वाहून आणावा लागला एवढा द्राक्षांचा घड घेऊन आले. देश चांगला आहे हे सगळ्यांना मान्य होतं. पण दहा जण म्हणाले, तिथली माणसं धिप्पाड आहेत, त्यांच्यापुढे आम्ही टोळांसारखे. ते मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांना सांगत होते, पण बाजूला सगळी मंडळी उभी होती. त्या रात्री लोक रडत राहिले आणि पुढची 40 वर्षं रानात गेली. उरलेले दोघे, यहोशवा आणि कालेब, जीव तोडून उलट सांगत होते. त्यांना दगड मारायची भाषा झाली. भीतीची बातमी कुणापुढे बोलावी याचा विचार त्या दहांनी केला नाही. पाणी येणार नाही, बिल्डर पळाला, अमक्या हॉस्पिटलात लोक मरतायत, असं काही सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी हे दोन अध्याय वाचावेत असं मला मनापासून वाटतं. तिसऱ्या मजल्यावरची एकटी राहणारी आजीसुद्धा तो ग्रुप वाचते.

याची दुसरी बाजूही बायबलात आहे. फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाल्लेले, पाय खोड्यात अडकलेले ख्रिस्ताचे प्रचारक पौल आणि सीला मध्यरात्री प्रार्थना करत होते, गाणी गात होते. ते देवासाठी गात होते, पण प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात लूक आवर्जून लिहितो की बंदिवान त्यांचं ऐकत होते. मग भूकंप झाला, दारं उघडली, कैदी पळाले असं समजून अधिकारी तलवारीने जीव द्यायला निघाला, तेव्हा पौल मोठ्याने ओरडला की आम्ही सगळे इथेच आहोत. सगळे! दारं उघडी असताना ते बाकीचे कैदी का थांबले, हे लूक सांगत नाही. मला वाटतं, त्यांनी रात्रभर जे ऐकलं त्यामुळे ते थांबले.

आधी हाक

बेशुद्ध पेशंट किती खोल गेला आहे हे बघायला 1974 पासून ग्लासगो कोमा स्केल वापरतात. डोळे उघडतो का हे तपासताना आधी हाक मारायची. हाकेला उघडले नाहीत तरच चिमटा. हा क्रम घरीदारीही ठेवा. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आहे, वॉचमन खुर्चीत पेंगतो आहे, सूनबाई ऑफिसातून येऊन गप्प बसली आहे. आधी नावाने हाक मारा. नाव माहीत नसेल तर विचारा. जक्कय झाडावर बसला होता, जकातदार म्हणून गावभर बदनाम. येशूने त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणाला. त्याच्या लबाडीबद्दल एक शब्द काढला नाही. गर्दी कुरकुरत ऐकत होती. अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायची आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करायचं, हे जक्कयाने आपण होऊन सांगितलं.

कुणी चिडून आलं तर? वॉर्डात पेशंटचे नातेवाईक घोळक्याने येतात, आवाज चढलेले असतात. अशा वेळी मी त्यांच्यातल्या सगळ्यात गप्प माणसाकडे बघून विचारायचे, "तुम्ही पेशंटचे कोण?" बहुतेकदा तो मुलगा किंवा नवरा असतो. त्याला स्टूल द्यायचं, आपणही बसायचं, आणि आपला आवाज नेहमीपेक्षा खाली आणायचा. समोरचा ऐकण्यासाठी का होईना, थांबतो. नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायाची सुरुवातच आहे, "मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते." सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून खडाजंगी झाली तर हे करून बघा. बसून बोला. उभ्याने भांडण वाढतं.

प्रार्थनेच्या निमित्ताने

आता जी गोष्ट सांगायची आहे ती आपल्याच लोकांना लागेल, पण सांगायला हवी. कॉटेज मीटिंग, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरलेली प्रार्थनासभा, असते. हॉलमध्ये सतरंजी, शेजाऱ्यांकडून आणलेल्या चार खुर्च्या, गीत होतं, वचन होतं, मग प्रार्थना विनंत्या. एखादी ताई गळा दाटून म्हणते, "त्या अमक्यांच्या मुलासाठी प्रार्थना करू या, गोष्ट घटस्फोटापर्यंत गेली आहे म्हणे." सगळ्या माना हलतात, आणि चहाचा ट्रे घेऊन आलेली कॉलेजातली मुलगी दारातच थांबते. त्या क्षणी ती शिकते की या मंडळीत, आपल्या चर्चच्या लोकांत, आपलं दुःख सांगायचं नाही. उद्या ती अडचणीत आली तर ती दुसऱ्या कुणाकडे जाईल, आपल्याकडे नाही.

म्हणून ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारा. "तुमच्यासाठी मंडळीत प्रार्थना मागू का? किती सांगू?" तो म्हणेल तेवढंच सांगा. "नाव नको" म्हणाला तर "एका कुटुंबासाठी" असंही म्हणू नका; पन्नास घरांच्या मंडळीत ते कुटुंब कोणतं हे सगळ्यांना कळतं. घरी बसून प्रार्थना करा, देवाला ती ऐकू जाते. दुसरं कुणी तपशिलात शिरू लागलं, तर टोकू नका. "चला, आत्ताच प्रार्थना करू," म्हणा आणि डोळे मिटून सुरुवात करा. पुढचा तपशील आपोआप राहून जातो आणि बोलणाऱ्या ताईचाही अपमान होत नाही. हा उपाय लागू पडतो, मी पुष्कळदा केला आहे.

आजारपणाचं तर विशेष सांगते. बायोप्सीचा रिपोर्ट, एक्स-रे, आयसीयूतला फोटो ग्रुपवर फिरवू नका. आजार ज्याचा आहे, सांगण्याचा हक्क त्याचाच. आणि कुणाचं चुकलं असेल, तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे: आधी दोघंच एकांतात, मग एकदोन जणांना घेऊन, आणि शेवटी मंडळी. आपल्याकडे बहुतेकदा आधी मंडळीला कळतं, आणि ज्याचं चुकलं त्याला सगळ्यात शेवटी.

उपासनेहून परतताना रिक्षात पाळक साहेबांच्या संदेशाची चिरफाड करू नका. मागे मुलं बसलेली असतात.

हातांचं बोलणं

रूथच्या दुसऱ्या अध्यायात बवाज शेतावर येतो तो कापणी करणाऱ्यांना आशीर्वाद देत. मालक आधी बोलतो. पण मला त्याचं पुढचं काम जास्त आवडतं. परदेशी विधवा रूथ सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात मागे राहिलेली कणसं, वेचते आहे. बवाज आपल्या गड्यांना बाजूला सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम कणसं पडू द्या, तिला धमकावू नका. संध्याकाळपर्यंत तिने वेचलेलं सातूचं धान्य एक एफाभर (एफा हे जुनं माप) भरलं. ते तिने स्वतःच्या कष्टाने मिळवलं आणि मान खाली न घालता घरी नेलं. मदत अशी करावी. जिना झाडणाऱ्या मावशींचा पगार त्यांनी मागण्याआधी, ठरल्या तारखेला द्या. मे महिन्यात पार्सल घेऊन पाच मजले चढून आलेल्या पोराला पाणी विचारा. आणि त्याचा फोटो काढू नका.

मग लोकांना दिसावं म्हणून वागायचं का, असं एका मुलीने विचारलं होतं. चांगला प्रश्न आहे. प्रभूनेच एकदा सांगितलं की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, आणि लगेच पुढच्या अध्यायात सांगितलं की लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. मी एवढंच बघते: कुणी नसतं तरी मी असंच वागले असते का? हो असेल, तर कुणी पाहिलं म्हणून लपवायची गरज नाही.

न बोलता केलेलं वाईटही तितकंच पसरतं. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि तो हळूच वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी उठले आणि बर्णबासुद्धा ओढला गेला. बर्णबा! सगळे शौलाला, म्हणजेच पौलाला, घाबरत होते तेव्हा ज्याने त्याला हात धरून प्रेषितांकडे नेलं तो. आणि सोबती मार्क प्रवास मध्येच सोडून गेला म्हणून पौल त्याला घेईना, तेव्हा मार्कासाठी पौलाशी वाद घालणाराही हाच. त्याच मार्काला पुढे पौल तुरुंगातून बोलावतो, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे म्हणून. असा माणूस एका ताटावरून उठण्याने घसरला.

म्हणून भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा वेगळा कप बघा. ओट्याखाली, बाजूला ठेवलेला. ख्रिस्ती घरांतही मी तो पाहिला आहे आणि मला त्याचा फार त्रास होतो. नगरकडून आलेल्या आपल्यातल्या कितीतरी घरांच्या आजी-आजोबांना गावात ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. तो कप आजच काढून टाका. नातवंडं तो रोज बघतात, आणि रविवारच्या शाळेतला धडा त्या कपापुढे टिकत नाही.

पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर सुनावलं, कारण बिघाड सगळ्यांसमोर झाला होता. माफीचंही तसंच. चारचौघांत वॉचमनला झापलंत, तर माफीही चारचौघांत मागा. मागाहून केबिनमध्ये मिठाईचा पुडा दिलात तरी ज्यांनी झापणं ऐकलं त्यांच्या नजरेत तो लहानच राहतो.

एक ठिकाण असं आहे जिथे गोड बोलून भागत नाही. मंडळीतली एखादी बाई डोळ्याखाली काळं-निळं घेऊन येते आणि म्हणते, पडले. ड्रेसिंग करताना पडल्याची जखम आणि मारल्याची जखम आम्हाला ओळखू येते. तिला "सहन कर, प्रार्थना कर" असं म्हणू नका. तिच्याशी दार लावून बोला, "तुझी चूक नाही," म्हणा, आज रात्री कुठे झोपणार आहेस ते विचारा आणि तिची सोय होईपर्यंत उठू नका. पण सभेत, कुणाचंही नाव न घेता, कुणाकडेही न बघता, मोठ्याने सांगा की नवऱ्याचा मार खाणं हा ख्रिस्ताने दिलेला वधस्तंभ नव्हे. अशा सभेत आणखी कोण बसलेली आहे हे आपल्याला माहीत नसतं. पोलिसांसाठी 112 आणि महिला हेल्पलाइनसाठी 181, हे दोन नंबर शेवटी सगळ्यांनाच लिहून द्या, म्हणजे जिला ते हवे आहेत तिला हात वर करून मागावे लागणार नाहीत.