लीग पण खेळायचीय आणि देशासाठी पण? मग सीझन सुरू व्हायच्या आधी एवढं करून ठेवा

नाशिकमध्ये हा प्रश्न आता घराघरात यायला लागलाय. सत्यजित बच्छाव कितीतरी वर्षं महाराष्ट्राकडून खेळतोय, रामकृष्ण घोषला आयपीएलमध्ये चेन्नईने ३० लाखांना घेतलं, साहिल पारखने २०२४ ला पुदुच्चेरीत ऑस्ट्रेलियाच्या अंडर-१९ टीमविरुद्ध ७५ बॉलमध्ये नाबाद १०९ मारले, सिन्नरची माया सोनवणे २०२२ च्या महिला टी-२० चॅलेंजमध्ये वेलोसिटीकडून खेळली. जूनमध्ये एमपीएल, म्हणजे महाराष्ट्र प्रीमियर लीग, जवळ आली की गोल्फ क्लब मैदानावर नेट संपल्यावर पोरं किटबॅगवर बसून एकच बोलत असतात, कोणाला किती मिळाले. बोलावंच, त्यात वाईट काही नाही, क्रिकेटरचं करिअर पस्तिशीच्या आसपास आटपतं आणि किट, कोचिंग, पुण्याच्या ट्रायल्स यात आईवडिलांनी किती घातलेत ते त्यांनाच माहीत. पण लीग आणि टीम इंडिया, किंवा तुमच्यासाठी आत्ता लीग आणि महाराष्ट्र, हे दोन्ही एकाच अंगाने एकाच वर्षात खेळायचं असतं आणि ते कसं बसवायचं हे पोरांना कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे. लीगमध्ये तुमचा भाव राज्याच्या आणि देशाच्या क्रिकेटमधून ठरतो, म्हणून आधी त्याच्या तारखा लावायच्या आणि उरलेल्या जागेत लीग बसवायची. आपल्याकडे द्राक्षवाल्याला विचारा, एप्रिलच्या खरड छाटणीला एक घड मिळत नाही तरी ती कोणी चुकवत नाही, कारण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो माल लागतो त्याची काडी तिथेच तयार होते. रणजीचे चार दिवस तसेच आहेत.

तर पहिलं काम कॅलेंडर. घरातलं कालनिर्णय भिंतीवरून काढा आणि दोन पेनं घ्या. लाल पेनाने राज्याचं सगळं मार्क करा: साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला रणजीचा पहिला टप्पा, मग टी-२० ची सय्यद मुश्ताक अली, डिसेंबर-जानेवारीत वनडेची विजय हजारे, मग परत रणजी फेब्रुवारीपर्यंत. निळ्याने लीग: मार्च ते मे आयपीएल, जूनमध्ये एमपीएल. मग दोन्हीच्या मध्ये कोरे दिवस किती उरतात ते बघा, तीच तुमची विश्रांती, आणि त्यातला एक आठवडा तरी आत्ताच खोडून ठेवा की यात कोणाचीही मॅच घेणार नाही. मामाच्या मित्राची लीग असली तरी नाही. हे कागदावर असलं की एप्रिलमध्ये फोन आल्यावर तुम्हाला विचार करत बसावं लागत नाही.

परदेशी प्लेअरचं कॅलेंडर याहून अवघड असतं. ऑस्ट्रेलियाची बिग बॅश आणि दुबईची लीग डिसेंबर-जानेवारीत, साउथ आफ्रिकेची साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, अमेरिकेची जूनच्या आसपास, इंग्लंडची हंड्रेड जुलै-ऑगस्टला, वेस्ट इंडीजची त्याच्या मागोमाग, मध्ये देशाच्या सीरिज कोंबलेल्या. फेब्रुवारी २०२४ ला साउथ आफ्रिकेच्या बोर्डाने स्वतःच्याच लीगसाठी मेन प्लेअर घरी ठेवले आणि न्यूझीलंडला टेस्ट खेळायला नील ब्रँड नावाचा पदार्पण करणारा कॅप्टन पाठवला, २-० हरले, न्यूझीलंड त्यांच्याविरुद्ध पहिल्यांदाच टेस्ट सीरिज जिंकली. हे मला आजही पटत नाही. प्लेअरचा त्यात दोष नव्हता, बोर्डानेच तारखा तशा लावल्या होत्या, पण रेकॉर्डमध्ये हरलेल्यांची नावं त्या पोरांची लागली.

दुसरं, तुम्हाला कुठे खेळायची परवानगी आहे ते आधी समजून घ्या, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आपल्या पुरुष खेळाडूंना बीसीसीआय परदेशातली कुठलीही लीग खेळू देत नाही, भारतातलं सगळं क्रिकेट सोडलं तरच जाता येतं. दिनेश कार्तिक रिटायर झाला मग २०२५ ला साउथ आफ्रिकेत खेळला, उन्मुक्त चंदने २०२१ ला इथलं क्रिकेट सोडलं तेव्हा बिग बॅशचं दार उघडलं. म्हणजे एकदा गेलात की परत महाराष्ट्राचा शर्ट नाही. विशी-बाविशीत कोणी एजंट येऊन अमेरिकेच्या लीगचं सांगायला लागला तर हे आधी घरी सगळ्यांना नीट समजू द्या आणि मगच चर्चेला बसा. इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटला मात्र बोर्ड एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, देतं आणि तो अनुभव लाल बॉलचा, म्हणजे चार-पाच दिवसांच्या क्रिकेटचा असतो, तशी संधी आली तर मी म्हणेन जा. मुलींना वेगळं आहे, हरमनप्रीत आणि स्मृती २०१६ पासून ऑस्ट्रेलियात खेळून आल्यात, त्यामुळे मुलींच्या पालकांनी एनओसीचा अर्ज कसा करायचा हे असोसिएशनमध्ये जाऊन आधीच विचारून ठेवावं. डिसेंबर २०२५ मध्ये सीनियर महिलांची वनडे आणि जास्त दिवसांच्या डोमेस्टिक मॅचची फी पण दिवसाला ५० हजार झालीये, म्हणजे मुलीसाठीही राज्याची टीम हे आता नीट उत्पन्न आहे.

आणि भारतातल्या भारतात? उन्हाळ्यात आपल्याकडे गावोगावी लीग निघतात, ट्रॉफी मोठी, बॅनर मोठा, बक्षीस म्हणून बाइक. लेदर बॉलची असेल आणि तुम्ही असोसिएशनकडे रजिस्टर्ड असाल तर ती मान्यताप्राप्त आहे का हे खेळायच्या आधी जिल्हा असोसिएशनला विचारायचंच, मेसेज करून विचारायचं म्हणजे उत्तर लेखी राहतं. अंबाती रायुडूचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. २००७ ला तो बोर्डाची मान्यता नसलेल्या इंडियन क्रिकेट लीगला गेला, बोर्डाने बंदी घातली, २००९ ला माफी मिळाली, पण भारताची कॅप मिळाली २०१३ ला. इतकं टॅलेंट असलेल्या माणसाची अख्खी विशी गेली.

आता पैसा, कारण खरी ओढाताण तिथेच असते. नवीन पोराला रणजीत, म्हणजे वीस मॅचपर्यंत, दिवसाला ४० हजार मिळतात. चार दिवसांच्या ग्रुपच्या सात मॅच धरल्या तर प्लेइंग इलेव्हनमध्ये राहून ११ लाख २० हजार. बाहेर बसलात तर निम्मे. मुश्ताक अलीत एका मॅचला साडेसतरा हजार. समोर आयपीएलची कमीत कमी बोली ३० लाख, वर २०२५ पासून प्रत्येक मॅचला साडेसात लाख फी वेगळी. हे बघून कोणालाही वाटणार की रणजी कशाला. पण पुढचा हिशोब पण करा ना. टेस्टची मॅच फी १५ लाख, आणि मार्च २०२४ पासून बोर्डाची स्कीम अशी आहे की सीझनमधल्या पाऊणहून जास्त टेस्ट खेळलात तर प्रत्येक टेस्टला वर ४५ लाख. नऊ टेस्टच्या सीझनमध्ये सात खेळलात तर ६० गुणिले ७, चार कोटी वीस लाख, सेंट्रल कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बोर्डाचा वर्षाचा करार, वेगळं. त्यामुळे देशाकडून खेळलं तर पैसा नाही असं जे म्हणतात ते आपल्या बोर्डापुरतं तरी आता खरं नाही. न्यूझीलंड, वेस्ट इंडीजचं वेगळं आहे, तिथल्या पोरांना देशाकडून तेवढं मिळत नाही म्हणून निकोलस पूरन २९ व्या वर्षी देशाकडून खेळायचा थांबला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

तिसरं म्हणजे कॉन्ट्रॅक्ट, आणि ते वाचा, पूर्ण वाचा, सही करायच्या आधी वकिलाला दाखवा. भारतात चालू खेळाडूंची युनियन नाही, त्यामुळे तुमच्या बाजूने वाचणारा माणूस तुम्हीच शोधायचा. चार गोष्टी हुडकायच्या: राज्याचा किंवा देशाचा कॉल आला तर सोडणार का आणि किती दिवस आधी सांगायचं, मध्येच गेलात तर मॅचप्रमाणे पैसे कापणार का, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च आणि उरलेले पैसे कोणाचे, आणि पैसे कधी कधी हप्त्याने येणार. शेवटचं हलकं घेऊ नका, २०२५ च्या बांगलादेश प्रीमियर लीगमध्ये दरबार राजशाही टीमच्या प्लेअरनी पैसे मिळाले नाहीत म्हणून सराव बंद ठेवला होता. आणि एकदा नाव ऑक्शनला दिलं की शब्द पाळायचा. हॅरी ब्रूकला आयपीएलमध्ये दिल्लीने सव्वासहा कोटींना घेतलं, त्याने इंग्लंडसाठी तयारी करायचीय म्हणून माघार घेतली, कारण चांगलंच होतं पण नियमाप्रमाणे दोन वर्षांची बंदी बसली. यायचं नव्हतं तर नावच द्यायचं नाही. मिचेल स्टार्कने बरीच वर्षं तसंच केलं, २०१५ नंतर थेट २०२४ ला आयपीएल खेळला, मधली बरीच वर्षं ऑस्ट्रेलियासाठी अंग जपलं, आणि परत आला तेव्हा कोलकात्याने पावणेपंचवीस कोटी दिले आणि फायनलचा मॅन ऑफ द मॅच तोच. नाही म्हणून त्याचा भाव पडला नाही.

अंगाचं काय करायचं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, खास करून फास्ट बोलरसाठी. लीगमध्ये मॅचला २४ बॉल, आणि तिथून उठून रणजीत दिवसाला अठरा-वीस ओव्हर टाकायच्या, पाठ तिथेच जाते. एक छोटी वही करा, खिशात मावेल अशी, आणि त्यात रोज टाकलेला प्रत्येक बॉल लिहा, मॅचचे वेगळे, नेटचे वेगळे, बाजूला पाठ-पोटरी-खांदा कसा आहे ते दहापैकी किती. नेटचे बॉल कोणी मोजत नाही आणि गडबड तिथेच असते, मॅचला चार ओव्हर पण आदल्या दिवशी नेटला बॅट्समनसाठी पासष्ट बॉल टाकलेले असतात. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा एकदम उडी मारत असेल तर फिजिओला वही दाखवा. आणि लीगचे शेवटचे दोन आठवडे मॅच नसलेल्या दिवशी लाल बॉलने थोडे लांब स्पेल, म्हणजे एका दमात जास्त ओव्हर, टाकायला लागा, टीमला सांगून. २०२३ ला आयपीएलची फायनल ३० मे च्या पहाटेपर्यंत चालली आणि ७ जूनला ओव्हलवर टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल, म्हणून आपल्या बोलर्सनी आयपीएल चालू असतानाच लाल बॉल हातात घेतला होता. बॅट्समनसाठी तेच, रोज वीस मिनिटं तरी बॉल सोडायचा सराव, कारण लीगमध्ये सोडलेला बॉल म्हणजे डॉट, रनशिवाय वाया गेलेला बॉल, आणि ती सवय हातातून लवकर जात नाही.

दुखत असेल तर लपवू नका, हे हात जोडून सांगतो. लीगवाल्यांना सांगितलं तर बसवतील आणि राज्याला सांगितलं तर दुसरा घेतील या भीतीने पोरं गोळी खाऊन खेळतात. दोन्हीकडच्या फिजिओला एकच रिपोर्ट द्या, एकाच दिवशी, ईमेलने.

टॅक्सचं थोडक्यात: टीडीएस कापला म्हणजे टॅक्स संपला असं नसतं, पैसे जास्त आले तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या तारखांना ॲडव्हान्स टॅक्स भरायचा असतो. पैसे आल्या आल्या तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका, गाडी नंतर.

राज्याची मॅच टाळून लीगसाठी अंग राखून ठेवायचं, असं कोणी सुचवलं तर ईशान किशन आणि श्रेयस अय्यरचं फेब्रुवारी २०२४ आठवा, दोघांचं सेंट्रल कॉन्ट्रॅक्ट गेलं. दोघेही डोमेस्टिक खेळून परत आले. ईशानने डिसेंबर २०२५ ला आपल्याच पुण्याजवळच्या गहुंजेला मुश्ताक अलीच्या फायनलमध्ये ४९ बॉलमध्ये १०१ मारले, झारखंडला ट्रॉफी दिली आणि टी-२० वर्ल्ड कपच्या टीममध्ये परत नाव आलं. जानेवारी २०२५ पासून तर बोर्डाने डोमेस्टिक खेळणं बंधनकारकच केलंय, रोहित मुंबईत बीकेसीला रणजी खेळला, विराट दिल्लीला खेळला. मग वीस वर्षांच्या पोराने काय कारण द्यायचं?

आता लीगच्या मध्येच कॉल आला तर काय करायचं ते. घाबरून चार जणांना फोन लावू नका. आधी असोसिएशनला सांगा की मला ईमेल करा, तोंडी निरोपावर हॉटेल सोडायचं नाही. ईमेल आला की तो तसाच लीगच्या टीम मॅनेजरला फॉरवर्ड करा, मग त्यांना फोन करा, कोचला मॅनेजर सांगेल, तरी संध्याकाळी कोचला स्वतः जाऊन भेटा आणि सर, मला बोलावलंय, एवढं समोर उभं राहून सांगा. मग घरी. यादी ऑफिशियल येईपर्यंत आईला पण सांगा की व्हॉट्सॲप स्टेटस ठेवू नको, नाव शेवटच्या क्षणी बदलतं आणि मग पोराला त्याचाच त्रास होतो. तिकीट टीम काढते, स्वतः काढू नका. आणि लीगला जाताना रंगीत कपड्यांच्या खाली पांढरा एक सेट आणि स्पाइक्सचे जादा खिळे किटबॅगेत टाकूनच निघा, कारण नाशिकहून कोणी घेऊन येईपर्यंत टॉस होऊन गेलेला असतो.