आवडतं रेकॉर्डिंग दुसऱ्याला ऐकवताना या चुका टाळा

गेली चौदा वर्षं आम्ही आठ-दहा जण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. प्रत्येकाने शास्त्रीय गाण्याचं आपलं एक आवडतं रेकॉर्डिंग आणायचं, सगळ्यांनी मिळून ऐकायचं, मग चहा आणि चर्चा. माणसं बदलतात. जुनी परगावी जातात, नवी येतात. चुका मात्र त्याच. दर वेळी तोंडाने सांगून दमलो, म्हणून आता एकदा लिहून काढतो.

आगापिछा नसलेलं रेकॉर्डिंग

"काका, हा यमन ऐकाच!" म्हणत कुणीतरी मोबाईल पुढे करतं. कुणाचा आहे? "नाव नव्हतं, फॉरवर्ड आलाय." कधीचा? माहीत नाही. तबल्यावर कोण? माहीत नाही. फाइलचं नाव 'ऑडिओ ००१७'. असं ऐकवलेलं गाणं कितीही चांगलं असलं तरी त्यावर धड बोलता येत नाही. गायक पंचविशीतला आहे की सत्तरीतला, हेच ठाऊक नसेल तर त्याने काय साधलं आणि काय सोडून दिलं, हे ठरवायचं कसं?

१९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गौहरजान गायल्या. गाणं संपलं की त्या तबकडीवरच इंग्रजीत नाव पुकारायच्या, 'माय नेम इज गौहरजान'. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या माणसांना कुठल्या तबकडीला कुणाचं लेबल लावायचं ते कळायला हवं होतं. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीतसुद्धा नावापुरती जागा राखलेली असायची. आपल्याला फाइलचं नाव बदलायला अर्धा मिनिट पुरतो, तरी आपण ते करत नाही.

निनावी रेकॉर्डिंगला पुढे कुणीतरी मनाने नाव चिकटवतं, हा त्यातला खरा धोका. खरखरता जुना आवाज असला की त्याला मोठं नाव मिळतं. 'भास्करबुवा बखल्यांचं दुर्मीळ ध्वनिमुद्रण' आमच्याकडे आतापर्यंत दोनदा आलं. भास्करबुवा १९२२ साली गेले, त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. अल्लादियाखाँसाहेबांचंही नाही. आणणाऱ्याला हे सांगताना मला वाईटच वाटतं, कारण बिचारा आनंदाने घेऊन आलेला असतो. पण न सांगावं, तर तीच फाइल त्याच नावाने आणखी पन्नास जणांकडे जाते.

मी एक आखीव वही ठेवली आहे. गायक, राग, बंदिशीचे शब्द, ताल, साथीला कोण, ठिकाण आणि साल, आणि ही प्रत माझ्याकडे कुणाकडून आली. हा शेवटचा रकाना लोकांना फालतू वाटतो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो, कारण शंका आली की मागे जायची वाट तिथूनच सापडते. जे माहीत नाही तिथे मी प्रश्नचिन्ह काढतो. अंदाज लिहीत नाही. पेन्सिलीने लिहिलेला अंदाजसुद्धा दोन वर्षांत पक्की माहिती होऊन बसतो.

चढलेली कॅसेट

ही चूक मी स्वतःही केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने सत्तरच्या दशकातली एक खासगी मैफल आणली. घरात कॅसेट होती, ती त्याने एका दुकानातून संगणकावर उतरवून घेतली होती. गायकाचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना मी समोर बसून तीन-चार वेळा ऐकलं होतं. मैफल सुरू झाली आणि सगळ्यांनाच आवाज वेगळा वाटला. हलका, थोडा पातळ, ताना फार चपळ. चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, बुवांचा आवाज त्या काळात किती कोवळा होता. दुसरा म्हणाला, पट्टी (गायकाने धरलेला मूळ सूर) वर घेतली आहे म्हणून खर्ज, म्हणजे खालचे सूर, भरत नाही. मीही त्यात भर घातली, की पुढे उतारवयात त्यांनी स्वर उतरवला असणार. तास गेला.

आमच्यात तबला शिकवणारे एक गृहस्थ आहेत, फार बोलत नाहीत. ते शेवटी म्हणाले, "मला डग्गा (तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा) खोटा वाटतोय. घुमारा एवढा आखूड नसतो."

रात्री घरी मी ती फाइल पुन्हा लावली. गाणं सुरू व्हायच्या आधी तंबोरे जुळवत होते, तेवढा भाग. त्याखाली माइकच्या तारेतून आलेली विजेची बारीक घूंऽऽ होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ती घूं ५०च्या आसपासच यायला हवी. संगणकावर मोजली तर ५३. सहा टक्के वेग जास्त, म्हणजे नेमका अर्धा स्वर वर. दुकानातल्या डेकची मोटर जोरात पळत होती, बाकी काही नाही. खात्री करायला लांबी बघितली. ९० मिनिटांची कॅसेट, एका बाजूला ४५ मिनिटं. फाइलमध्ये दोन्ही बाजू साडेबेचाळीस मिनिटांत संपत होत्या.

वेग उतरवला. पेटीच्या पांढरी दोनवर बसलेला षड्ज, म्हणजे गायकाचा सा, त्याखालच्या काळी एकवर आला आणि मला माहीत असलेला आवाज खोलीत भरला. तोच भरदारपणा, ओळ संपताना घेतलेला तोच श्वास. डग्ग्याचा घुमारा लांबला. तासभर आम्ही ज्या आवाजावर मतं दिली, तो त्या गायकाचा नव्हताच. त्यांच्या वयाबद्दल, तब्येतीबद्दल, पट्टीबद्दल आम्ही जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून आवाजावर किंवा पट्टीवर अक्षर बोलण्याआधी मी घूं मोजतो. ती नसेल तर तबला ऐकतो. चाट (तबल्याच्या पुडीची कड) टिकटिक वाजते का, डग्गा आखडलाय का. तरुण मंडळी म्हणतात, एवढं कशाला, अ‍ॅपमध्ये टाकलं की ते जवळच्या पट्टीत बसवून देतं. नाही चालत. गायक तंबोरा आपल्या गळ्याला लावतो, पेटीच्या पट्टीला बांधील नसतो. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध लावलेला षड्ज अ‍ॅप इकडे किंवा तिकडे ढकलणार आणि तुम्ही दुसरी चूक पक्की करणार. जुन्या तबकड्यांनाही हेच लागू. सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांनी मुद्रित होत नसत. त्यामुळे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अगदी जुन्या तबकड्या ऐकून त्यांच्या पट्टीबद्दल छातीठोक बोलू नका.

दोन मिनिटांची तान

मोबाईलवरच्या स्टेटसमुळे ही चूक फार वाढली आहे. आवडलेला तेवढा तुकडा कापायचा आणि पाठवायचा. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात एकेका मात्रेला चार-पाच सेकंद लागतात. बारा मात्रांचं एक आवर्तन पूर्ण व्हायला पाऊण ते एक मिनिट. तुमच्या तीस सेकंदांच्या तुकड्यात एक समसुद्धा (आवर्तनाची पहिली मात्रा) नीट येत नाही. मग त्यात नक्की काय पाठवलंत?

अमीर खाँसाहेबांच्या एका एलपीवर (लांब वाजणाऱ्या तबकडीवर) एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात कोमल रिषभ (रे) आणि धैवतावर (ध) वावर असतो, षड्जाला सारखी बगल दिली जाते. बऱ्याच वेळाने षड्ज येतो तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. ते ओझं वीस मिनिटं घेऊन बसायचं असतं. षड्जाचा तेवढाच तुकडा कापून पाठवलात तर ऐकणाऱ्याला तो साधा सा वाटेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

मागे एक इंजिनीअरिंगचा मुलगा आमच्यात आला. हुशार, कान चांगला, पण थांबायची तयारी अजिबात नाही. किशोरी आमोणकरांचा भूप आणला आणि बोटाने सरकवत थेट 'सहेला रे' या द्रुत बंदिशीवर गेला. म्हणाला, "आधीचं स्लो आहे." मी म्हटलं, आपल्याकडे वेळ आहे, पहिल्यापासून लाव. त्याने नाराजीनेच 'प्रथम सुर साधे' या विलंबित बंदिशीपासून लावलं. पहिली पाच मिनिटं चुळबुळ चालली होती, मग थांबली. 'सहेला रे' सुरू झालं आणि तो म्हणाला, "काका, हे आधी असं लागत नव्हतं." इतक्या वेळा ऐकलेली चीज त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आता तो विलंबित कापत नाही आणि दुसऱ्या कुणी कापलं तर माझ्याआधी बोलतो.

वेळच नसेल तर पहिली दहा मिनिटं ऐकवा. शेवटची दोन नकोत.

बाकीच्या

रागाचं नाव पडद्यावर लिहिलेलं असतं म्हणून खरं मानू नका. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. गंधारावर (ग) मुक्काम आहे की धैवतावर, चाल खाली आहे की वरच्या अंगाने, हे कानाने ठरवा. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही तसंच, आणि तिथे चुकीची लेबलं खूप सापडतात.

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकवू नका. तंबोऱ्याचा खर्ज त्यातून येतच नाही. बाराशे रुपयांचा साधा स्पीकर आणा, पण आणा.

खरखर पुसू नका. तबकडीची खरखर जिथे असते तिथेच तंबोऱ्याची झार आणि आवाजाची धारही असते. पुसलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गायक उशीखालून गातोय असं वाटतं. पाच मिनिटांत कानाला खरखरीची सवय होते, तेवढा धीर धरा.

गाणं चालू असताना "आता बघा, आता येईल" म्हणू नका. दाद द्या, सूचना नको.

तीन मिनिटांची तबकडी आणि तासाभराची मैफल यांची तुलना करू नका. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉएजर यानांतून अंतराळात गेली म्हणून सगळे तेवढीच पाठवतात. त्यांची ललिता गौरी ऐका, नट कामोद ऐका. तेवढ्याशा जागेत रागाचा पूर्ण आकार उभा करायचा, हे वेगळंच काम आहे आणि त्याची मोजपट्टीही वेगळी.

भीमसेन जोशी मोठे की कुमार गंधर्व, हा वाद आमच्याकडे बंद आहे. एकच राग घ्या, दोघांचा पहिला गंधार ऐका, त्यावर बोला.

न विचारता पसरवणं

खासगी मैफल घरच्या माणसांसाठी गायलेली असते. गायक ज्या दिवशी थकलेला होता, त्या दिवशीचंही त्यात उतरलेलं असतं. ती इंटरनेटवर चढवण्याआधी कुटुंबाला विचारा. 'दुर्मीळ आहे, सगळ्यांपर्यंत पोचायला हवं' हे मी खूप ऐकलंय, तरी माझं मत बदललेलं नाही.

वेग सुधारलेली ती मैफल घेऊन मी त्या बुवांच्या मुलीकडे गेलो. दोन्ही बाजू ऐकेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तुम्ही मंडळी ऐका, जमून ऐका, पण इंटरनेटवर नको. आम्ही तेच पाळतो. निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. तबल्यावर कोण होतं ते त्यांनी मधल्या एका तिहाईवरून (तीनदा वाजवून समेवर आणलेला बोल) ओळखलं होतं. घरी येऊन मी वही काढली, साथीच्या रकान्यातलं प्रश्नचिन्ह खोडून नाव लिहिलं, आणि ते कुणी सांगितलं तेही. सालापुढचं प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे.