नोट्स ग्रुपवर टाकल्या, पण त्या वाचता येतात का? प्राध्यापकांनो, या चुका टाळा

गेल्या सत्रात बी.ए.च्या वर्गातला एक मुलगा तास संपल्यावर थांबला. दृष्टी जवळजवळ नाहीच. उमरेडहून एसटीनं ये-जा करतो. म्हणाला, "सर, तुमची पीडीएफ माह्या फोनले वाचताच येत नाही जी."

मी मोबाइलवर 14 पानांचे फोटो काढून ती पीडीएफ बनवली होती. एका पानाच्या कडेला माझा अंगठाही आला होता. माझ्या लेखी त्या नोट्स होत्या, त्याच्या फोनमधल्या टॉकबॅकच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या, लेखी 14 चित्रं.

नागपुरातल्या आम्हा बहुतेक मास्तरांची पहिली चूक हीच. पाठवण्याआधी फाइल उघडून एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर मजकूर आहे, नाही तर चित्र. चित्र असेल तर ती फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात. दोन रकान्यांचं पान असेल तर ओळी एकमेकींत घुसतात आणि रफार गळतात, म्हणून एकदा डोळ्यांखालून घालाच.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण इथे शब्द निवडला जातो आणि आपण निर्धास्त होतो. विभागातल्या जुन्या नोट्स कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतात. त्यात पडद्यावर 'काम' दिसतं, पण फाइलमध्ये डी, के, ई ही इंग्रजी अक्षरं साठलेली असतात. फोन तेच वाचणार. मजकूर कॉपी करून व्हॉट्सअॅपमध्ये चिकटवा. इंग्रजी कचरा उमटला तर फॉन्ट कन्व्हर्टरनं युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनला कळणारी मराठी अक्षरं, करून घ्या. नवं काही टाइप करायचं तर थेट युनिकोडमध्येच.

वर्डमध्ये नुसतं ठळक केलेलं शीर्षक टॉकबॅकसारख्या वाचकयंत्राला शीर्षक वाटत नाही. त्यासाठी हेडिंगची स्टाइल द्या आणि पीडीएफ करताना 'प्रिंट'ऐवजी 'सेव्ह अॅज' वापरा, नाहीतर ती रचना पुसली जाते. संगणकावर एनव्हीडीए हे वाचकयंत्र फुकट मिळतं. पाच मिनिटं पडदा बंद करून आपलीच फाइल ऐका. मला दुसऱ्याच मिनिटाला घाम फुटला, आणि तो काही मे महिना नव्हता.

वर्गात "कोणाला अडचण आहे? हात वर करा" असंही विचारू नका. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, अध्ययन अक्षमताही त्यात येते. ती चेहऱ्यावर दिसत नाही आणि साठ जणांसमोर हात वर करून कोणी सांगत नाही. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, तेव्हा अशी मुलं आपल्या वर्गात आहेत असं धरूनच चला.

एफडीपीबद्दल, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रशिक्षण कार्यक्रमांबद्दल, काय बोलावं! समावेशक अध्यापनावर तीन तास पीपीटी, मग चहा-समोसा, मग प्रमाणपत्र. तुमच्याकडे आयोजन असेल तर प्रत्येकाला स्वतःची एक फाइल आणायला सांगा आणि ती तिथेच दुरुस्त करायला लावा. दिव्यांग विद्यार्थ्यांनाच तपासायला बसवा, मानधन देऊन.

मी दुरुस्त फाइल पाठवली त्या रात्री अकराला त्या मुलाचा मेसेज आला: "सर, सहाव्या पानावर 'अर्थ'चा 'अथ' झाला."