आधी प्रोब, मग ओझोन: डोंबिवलीच्या हॉलमधली रीफ टाकी

शेजारची सून डबा परत द्यायला आली आणि दारातच थबकली. "काकू, झेरॉक्सचं मशीन आणलंत का घरी?"

मला काहीच वास येत नव्हता, कारण सकाळपासून मी त्याच वासात बसले होते. ओझोनचं असंच असतं. १८४०च्या सुमारास श्योनबाइन यांनी या वायूला नाव दिलं तेच मुळी 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, पण नाक त्याला फार लवकर सरावतं. त्या दिवशी हवेची साधी प्लास्टिकची नळी कडक होऊन तडकली होती आणि माशांच्या टाकीचं पाणी निवळायला सोडायचा ओझोन हॉलमध्ये पसरत होता. खिडक्या उघडल्या, प्लग काढला, आणि नोकरीतली सवय म्हणून वहीत वेळ लिहून ठेवली. खाली जे सांगतेय ते बरंचसं त्याच वहीतलं आहे.

एकतीस वर्षं मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते. पीएच आणि ओआरपीचे (तो काय, ते खाली येतंच) मीटर कॅलिब्रेट करणं हे रोजचं काम. टाकी मात्र मुलाची. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि ३०० लिटर खारं पाणी, दोन क्लाउनफिश, एक फायरफिश आणि लेदर कोरलचा (मऊ प्रवाळाचा) तळहाताएवढा गड्डा माझ्या पदरात पडला. माझ्याकडे फक्त मऊ जातीची कोरल आहेत, लेदर, झोअँथिड, मश्रूम अशी. दगडी प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून कुणाकडून "गुपचूप मिळेल" म्हणून ते घ्यायच्या फंदात पडू नका.

ओझोन लागतो का, ते आधी ठरवा

पांढरी प्लेट घ्या, तिच्या अर्ध्या भागावर पिवळ्या मार्करने रेघोट्या मारा आणि टाकीच्या एका टोकाला बुडवा. दुसऱ्या टोकाकडून, टाकीच्या लांबीतून बघा. पांढरा भाग पिवळट दिसत असेल तर खाणं, शेवाळ, विष्ठा यांतून विरघळलेले रंगद्रव्यासारखे पदार्थ पाण्यात साठले आहेत. ओझोन ते रेणू तोडतो आणि पाणी काचेसारखं दिसायला लागतं. घरच्या टाकीत ओझोनचं खरं काम एवढंच. घरगुती मात्रेत माशांचे रोग मरतील या आशेवर तो घेऊ नका. पाणी निर्जंतुक होईल एवढी मात्रा द्यायची तर वेगळं भांडं आणि बराच वेळ लागतो.

आणि एक खरं सांगू? पिवळेपणा दिसला की आधी नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन घालून दोन आठवडे थांबा. निम्म्या लोकांचं काम तिथेच भागेल असं माझं मत आहे. माझं भागलं नाही, कारण मी माशांना लाडाने जास्त खायला घालते.

महिनाभर नुसतं मोजा

ओझोनचं यंत्र घेण्याआधी ओआरपीचा प्रोब घ्या आणि एक महिना फक्त आकडे लिहा. ओआरपी म्हणजे पाण्याची ऑक्सिडीकरणाची ओढ, मिलिव्होल्टमध्ये. प्रोबच्या टोकाला प्लॅटिनमचा छोटा तुकडा असतो आणि आत संदर्भासाठी दुसरा इलेक्ट्रोड. नवा प्रोब पाण्यात टाकल्या टाकल्या जो आकडा दाखवतो त्यावर विश्वास ठेवू नका. माझा चार दिवस हळूहळू चढत होता, मग स्थिरावला.

प्रोब समपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या दुसऱ्या टाकीत लावा, जिथे पाणी वाहतं पण उजेड पडत नाही, नाहीतर टोकावर शेवाळ धरतं. स्किमर म्हणजे बुडबुड्यांच्या फेसात घाण पकडणारं भांडं, ओझोन त्यातच सोडतात; त्यातून ओझोन घेतलेलं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे तो कधीही लावू नका. तिथला आकडा टाकीचा नसतो. वायर निघते तो वरचा भाग पाण्याबाहेर हवा.

माझ्या वहीतला एक साधा दिवस: सकाळी ७ वाजता पीएच ७.९, ओआरपी ३३५. संध्याकाळी ६ वाजता पीएच ८.२, ओआरपी ३१८. पाणी संध्याकाळी घाण झालं असं नाही. पीएच एकाने वाढला तर ओआरपी साधारण ५९ मिलिव्होल्टने उतरतो, म्हणजे ०.३ च्या फरकाला १८ च्या आसपास. हिशोब जुळला. म्हणून पीएचचा आकडा शेजारी लिहिल्याशिवाय ओआरपी वाचण्यात अर्थ नाही, आणि दोन दिवसांची तुलना करायची तर एकाच वेळेची करा. खाणं घातलं की आकडा पडतो. टाकीत हात घातला, त्यातही हाताला क्रीम असेल, तर जास्तच पडतो. हे सगळं महिन्याभरात समजलं की पुढे कंट्रोलर (प्रोबच्या आकड्यावरून ओझोन चालू-बंद करणारा) उगाच घाबरवत नाही.

कॅलिब्रेशनसाठी ४०० मिलिव्होल्टसारखं तयार द्रावण मिळतं. बाटलीवरची मुदत बघून घ्या. आकडा दहा-पंधराने इकडेतिकडे असेल तर मी हात लावत नाही. जास्त फरक असेल तर आधी टोक साफ करायचं, मग कॅलिब्रेट. मळलेल्या प्रोबला द्रावणाशी जुळवून घेणं म्हणजे ताप आलेल्या माणसाच्या थर्मामीटरवर ९८ लिहून ठेवणं. चिकट थर असेल तर कपड्यांचं ब्लीच दहापट पाण्यात घालून त्यात दहा मिनिटं टोक बुडवते. पांढरा क्षार असेल तर व्हिनेगर. दोन्ही एका दिवशी नाही, आणि एकत्र तर कधीच नाही, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीचनंतर प्रोब काही तास उगाच जास्त आकडा दाखवतो, तेवढा वेळ ओझोन बंद ठेवा.

यंत्र छोटं घ्या

साधारण मोजमाप असं आहे: १०० लिटर पाण्यामागे ताशी ५ ते १० मिलिग्रॅम ओझोन. माझ्या ३०० लिटरला १५ ते ३० लागेल. दुकानदार २०० मिलिग्रॅमचं यंत्र पुढे सरकवत होता, "कमी करून वापरा" म्हणून. मी २५चं घेतलं. कंट्रोलर अडकला आणि यंत्र दिवसरात्र चालू राहिलं तरी टाकी मरता कामा नये, एवढ्याच क्षमतेचं यंत्र असावं. कारखान्यात हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं: रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा स्विच, कधीतरी चिकटतोच.

रसायन थोडं समजून घ्या, म्हणजे कार्बनचा कंटाळा येणार नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. ओझोन काही सेकंदांतच त्याच्याशी भिडतो आणि हायपोब्रोमस आम्ल तयार होतं. म्हणजे टाकीपर्यंत पोचतो तो ओझोन नव्हे, एक प्रकारचं ब्रोमीनचं ब्लीच पोचतं, आणि ते माशांच्या कल्ल्यांना झोंबतं. म्हणून स्किमरमधून बाहेर पडणारं सगळं पाणी, थोडंथोडकं नाही तर सगळं, कार्बनच्या थरातून सावकाश जायला हवं. मी दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बरणीला भोकं पाडून तिच्यात कार्बन भरलाय आणि स्किमरच्या तोंडाचा पाइप तिच्यात सोडलाय. खात्री करायची असेल तर जलतरण तलावासाठी मिळणारं डीपीडी पद्धतीचं एकूण क्लोरीनचं किट घ्या, ते ब्रोमीनलाही रंग दाखवतं. कार्बननंतरच्या पाण्यात गुलाबी छटा दिसली की कार्बन बदलायचा किंवा ओझोन कमी करायचा. दुसरा कार्बन हवेसाठी. स्किमरच्या कपाच्या झाकणावर डबी बसवून त्यातूनच हवा बाहेर सोडा. कामाच्या जागी आठ तासांसाठी ओझोनची मर्यादा ०.१ पीपीएम धरतात आणि घरात तर आपण चोवीस तास असतो.

आपल्या हवेची खरी अडचण

परदेशी माहितीपत्रकात "कोरडी हवा वापरा" एवढं एक वाक्य असतं आणि पुढचं पान सुरू होतं. जुलैमधल्या डोंबिवलीला हे वाक्य पुरत नाही. कोरोना पद्धतीच्या (विषाणूशी संबंध नाही) यंत्रात विजेचा ताण हवेतल्या ऑक्सिजनला तोडून ओझोन बनवतो. हवा दमट असेल तर ओझोन निम्म्याहून कमी होऊ शकतो आणि वर नायट्रिक आम्ल तयार होतं. पहिल्या पावसाळ्यात माझा ओआरपी रोज थोडा थोडा उतरत होता आणि मी प्रोबला दोष देत होते. ऑगस्टमध्ये यंत्र उघडलं तर आत चिकट हिरवट थर आणि इलेक्ट्रोड खाल्लेला. सात हजारांचं यंत्र पावसाने खाल्लं, छत्रीतसुद्धा.

तेव्हा हवेचा मार्ग असा: आधी एअर पंप, मग सिलिका जेलची नळी, मग ओझोन यंत्र, मग चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप), मग स्किमर. पंप पहिला, कारण त्यातला रबरी पडदा ओझोनने तडकतो. यंत्रानंतरची नळी सिलिकॉनची किंवा टेफ्लॉनची, आणि चेक व्हॉल्व्हही ओझोन सोसणारा. यंत्र पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर वीज गेली की खारं पाणी उलटं नळीतून आत येईल. जोड तपासायला यंत्र बंद, पंप चालू ठेवून साबणाचं पाणी लावा, गॅसचा सिलिंडर बदलल्यावर रेग्युलेटरला लावतो तसं. बुडबुडा आला की जोड गळतोय. नाकावर मात्र सोडू नका. मी अजूनही शेजारच्या सुनेला महिन्यातून एकदा चहाला बोलावते.

सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओलं झालं की हिरवं होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात नको. हिवाळ्यात माझी अर्ध्या किलोची नळी तीन आठवडे चालायची, जुलैत चार दिवस. हिरवं झालेलं जेल मी बाल्कनीतल्या जुन्या ओटीजीत १२० अंशांवर दोन तास ठेवते. जास्त तापवलं तर काळं पडतं आणि मग फेकून द्यावं लागतं. दोन नळ्या भरून ठेवा, एक यंत्रावर, एक ओव्हनमध्ये.

शेवटी उपाय सापडला तो फुकटचा. आमच्या ह्यांना एसीशिवाय झोप येत नाही. एअर पंप बेडरूममध्ये नेला आणि नळी दाराच्या फटीतून हॉलमध्ये आणली. एसीतली हवा आधीच बरीच कोरडी, त्यामुळे जेल चारऐवजी अकरा दिवस चाललं. पंपाच्या घुरघुरीबद्दल ह्यांची तक्रार होती. पंपाखाली जुना टॉवेल दुमडून ठेवल्यावर ती थांबली.

कंट्रोलर आणि प्लग

माझी मर्यादा ३६५ला बंद, ३५०ला चालू. लोक ४५०च्या गप्पा मारतात, त्या वाटेला जाऊ नका. पाणी स्वच्छ दिसतंय आणि लेदर कोरल फुललेलं आहे, तर आकडा ३४० असला तरी माझी हरकत नसते. सुरुवात अगदी कमीने करा, आठवड्यात २० मिलिव्होल्टपेक्षा जास्त चढवू नका. पाणी निवळलं की दिव्याचा उजेड अचानक खोलवर पोचतो आणि कोरल पांढरी पडू शकतात. ओझोन सुरू केला त्याच दिवशी मी एलईडी ८०वरून ६५ टक्क्यांवर आणले आणि महिन्याभरात परत चढवले.

ओझोन यंत्र आणि स्किमरचा पंप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असू द्या. बोर्डाची वीज गेली तर ओझोनही बंद झाला पाहिजे. स्किमर थांबलेला असताना ओझोन चालू राहिला तर तो सरळ खोलीत येतो.

आणि हे लक्षात ठेवा की कंट्रोलर फक्त प्रोबचं ऐकतो. भाचीच्या लग्नाला आम्ही सांगलीला गेलो होतो. इकडे टॉप-अपचा (उडालेलं पाणी आपोआप भरणारा) फ्लोट अडकला, समपचं पाणी बाष्पीभवनाने उतरलं आणि प्रोबचं टोक कोरडं पडलं. आकडा २८०वर थिजला. कंट्रोलरला वाटलं पाणी बिघडलंय, म्हणून त्याने दोन दिवस ओझोन सलग चालू ठेवला. परत आलो तेव्हा क्लाउनफिश कोपऱ्यात, कल्ले जोरात हलवत होते, लेदर मिटलेलं. २०० मिलिग्रॅमचं यंत्र असतं तर मासे गटारात टाकावे लागले असते. नवा कार्बन घातला, ४० लिटर पाणी बदललं, आठवड्याने लेदर उघडलं. त्यानंतर प्रोब समपच्या ज्या कप्प्यात पाण्याची पातळी हलत नाही अशा कप्प्यात हलवला आणि कंट्रोलरला ३००च्या खालीही ओझोन बंद करायला शिकवलं. तुमच्या कंट्रोलरमध्ये अशी खालची मर्यादा नसेल तर साध्या टायमरवर ओझोन दिवसातून आठ तासच चालू ठेवा.

दिवाळीत बंगळुरूला चाललोय मुलाकडे. ओझोनचा प्लग काढून पर्समध्ये घेऊन जाणार आहे, म्हणजे पाणी घालायला येणारा शेजारचा मुलगा भलत्या भोकात तो खुपसणार नाही.