घरात वाढवलेली बोन्सायची रोपं मान टाकतात तेव्हा

रोप मलूल दिसलं की हात आपोआप झारीकडे जातो. आधी तो आवरा. फायकस (वड-पिंपळाच्या जातीतली झाडं), चिंच, गुलमोहर, फुगीर बुडाचं अडेनियम अशा उष्ण प्रदेशातल्या झाडांची रोपं मी बियांपासून घरात वाढवते. त्यांतली जी हातची गेली, त्यांतली बहुतेक तहानेने नाही, साचलेल्या पाण्याने गेली. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. माती सतत चिंब असली की मुळं गुदमरतात, मग कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे ओल्याकंच मातीतलं रोपसुद्धा तहानलेल्या रोपासारखीच मान टाकतं. वरून बघून फरक कळत नाही, म्हणून तपासायचं खालून.

रोप खरंच आजारी आहे का?

चिंच आणि गुलमोहर संध्याकाळी आपली बारीक पानं मिटून घेतात. माझं पहिलं चिंचेचं रोप असं रोज रात्री मिटायचं आणि मी त्याला रोज रात्री पाणी घालायचे. पंधरवड्यात ते बुडापासून काळं पडलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं, ते फक्त झोपत होतं. ही जात असेल तर निदान सकाळी उजेडात करा.

बी फुटल्यावर सगळ्यांत आधी येणारी दोन जाडसर दलंही कालांतराने पिवळी पडून गळतात. वर खरी पानं आलेली असतील तर त्यात काळजीचं काही नाही. ती दलं म्हणजे रोपाची शिदोरी होती, ती संपली. मात्र नवा शेंडा सुकत असेल, खरी पानं पिवळी पडत असतील किंवा खोड बुडाशी मऊ लागत असेल, तर पुढे वाचा.

काडी आणि कुंडीचं वजन

एक कोरडी लाकडी काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. वरचा थर वाळलेला आणि काडीचं खालचं टोक गडद, ओलं, असं बऱ्याचदा दिसेल. मग पाणी घालायचं नाही. काडी जवळजवळ कोरडी निघाली की तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत भरपूर पाणी घाला आणि ताटलीत साठलेलं ओतून टाका. रोज चमचाभर पाणी घालण्याची सवय सगळ्यांत वाईट, कारण वर ओल राहते आणि खालची मुळं कोरडी पडतात. पाणी घातल्यावर आणि वाळल्यावर कुंडी एकेकदा उचलून बघा. आठवड्याभरात हाताला वजन कळू लागतं आणि काडीचीही गरज उरत नाही.

अडेनियमची खूण वेगळी. त्याचं फुगीर बूड हलकेच दाबून बघा. घट्ट असेल तर ठीक. थोडं सुरकुतलेलं आणि लवचिक असेल तर ते तहानलेलं आहे. बोट आत रुतत असेल तर सड लागली आहे.

माती ओली आणि रोप मलूल, अशी जोडी दिसली तर रोप कुंडीतून काढून मुळं बघावीच लागतात. खोडाला धरून ओढू नका. कुंडी आडवी करून टिचक्या मारा, मातीचा गोळा तळहातावर घ्या. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट आणि टणक असतात. कुजलेली तपकिरी, बुळबुळीत असतात, त्यांना कुबट वास येतो, आणि चिमटीत धरली तर वरची साल मोज्यासारखी निघून आतला दोरा हातात राहतो. स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने तेवढी काढून टाका आणि रोप नव्या, कोरडसर मिश्रणात लावा (ते कशाचं करायचं ते खाली आहे). मुळं कमी झाल्यामुळे आठवडाभर त्यावर पारदर्शक पिशवी सैलसर घाला, थेट उन्हापासून दूर ठेवा आणि रोज थोडा वेळ पिशवी उघडा.

एका बाबतीत उपाय नाही. खोड मातीच्या रेषेपाशी दोऱ्यासारखं बारीक होऊन रोप आडवं पडलं, तर ती बुरशीने होणारी रोपमर आहे. पडलेलं रोप वाचत नाही. ते लगेच बाहेर काढा, शेजारची रोपं वेगळी करा, वरची माती वाळू द्या आणि हवा खेळती ठेवा.

उथळ ट्रे आत्ता नको

बोन्साय म्हटलं की पसरट भांडं डोळ्यांसमोर येतं आणि आपण दोन इंची रोपही त्यातच लावतो. घरात एक प्रयोग करून बघा. भिजवलेला स्पंज आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. कुंडीचंही तसंच आहे. तळाशी ओलाव्याचा एक थर राहतोच. उंच कुंडीत तो खाली राहतो, उथळ भांड्यात मात्र तो जवळजवळ सगळी माती व्यापतो. म्हणून रोपासाठी लहान तोंडाची, थोडी खोल आणि तळाला भोकं असलेली कुंडी घ्या. फार मोठीही नको, कारण मुळं पोहोचत नाहीत तिथली माती वाळतच नाही.

मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग खडबडीत असावा: परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), जाडी वाळू किंवा चाळून धूळ काढलेले विटेचे तुकडे, साधारण 2 ते 5 मिलिमीटरचे. उरलेला भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) किंवा कुजलेलं कंपोस्ट. चाळणं टाळू नका. बारीक धूळ राहिली की सगळ्या पोकळ्या बुजतात.

उजेड

दोन पानांमधलं अंतर वाढत चाललंय, खोड बारीक आहे, रोप खिडकीकडे झुकलंय, तर उजेड कमी पडतोय. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, पण खिडकीपासून थोडं आत सरकलं तरी उजेड फार झपाट्याने घटतो. दुपारी रोपाच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट असतील तर जागा चांगली. सावली पुसट असेल तर खिडकीच्या जवळ जा किंवा रोपांसाठीचा एलईडी दिवा लावा: 20 ते 30 सेंटिमीटर उंचीवर, रोज 12 ते 14 तास. रात्र अंधारीच ठेवा.

आतल्या रोपाला एकदम कडक उन्हात नेलं तर पानांवर पांढुरके, कागदासारखे डाग पडतात. सात ते दहा दिवस थोडं थोडं ऊन वाढवत न्या. वाढून लांब झालेलं खोड पुन्हा आखूड होत नाही, त्याला काडीचा सैल आधार द्या. पंख्याची अगदी मंद झुळूक रोज काही तास मिळाली तर खोड हलतं आणि जाड होतं.

ऊब 20 ते 30 अंशांत असावी. एसीचा झोत आणि रात्रीची गार काच, दोन्ही टाळा. पानांवर फवारा मारल्याने दमटपणा काही मिनिटंच टिकतो. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींजवळ ठेवा.

चिलटं, कोळी आणि पिठ्या ढेकूण

कुंडीभोवती उडणारी चिलटं म्हणजे माती ओली राहतेय. त्यांच्या अळ्या बारीक मुळं खातात. माती वाळू द्या, पिवळे चिकट सापळे लावा. पानं निस्तेज, ठिपकेदार दिसली तर पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड आहे, पानांची खालची बाजू पाण्याने धुवा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा धुवा. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी दिसणारी कीड, कापसाच्या काडीने स्पिरिट लावून टिपता येतो. आधी एकाच पानावर लावून दिवसभर थांबा.

खत, कात्री, तार

आजारी रोपाला खत देऊ नका. ज्या मुळांना पाणीच ओढवत नाही, त्यांना खतातले क्षार आणखी भाजतात. सावरल्यावर, खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागापासून सुरुवात करा.

शेंडा खुडणं आणि वळण देण्यासाठी खोडाला तार गुंडाळणं तर या टप्प्यावर नकोच. खोड जाड होतं ते पानांनी बनवलेल्या अन्नावर. पानं कमी केली की बोन्सायला हवं असलेलं जाड बूड तितकंच लांबतं. पहिलं वर्ष मी रोपांना मोकळं वाढू देते, आकाराचा विचार त्यानंतर.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन ते तीन आठवडे थांबा. कुंडी, जागा, पाणी सगळं एका दिवशी बदललं तर काय लागू पडलं ते कळणार नाही. जुनी पिवळी पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. शेंड्यावर बारीक कोंब फुटला, त्यातून आलेलं पान आधीच्यापेक्षा लहान नसलं आणि त्याचा रंग स्वच्छ असला की मुळं कामाला लागली आहेत. तशी दोन पानं येईपर्यंत कुंडी हलवू नका.